स्टर्न ड्राइव्हच्या कूलिंगमध्ये बदल करताना: पाणी घेण्याची बाजू बदला, वाटण्याची नको

प्रश्न थोडक्यात असा. बोट 21 फुटी, फायबरची, मांडव्याच्या बाजूला मुरिंगवर असते. इंजिन मर्क्रूझर 4.3 लिटर व्ही-6, स्टर्न ड्राइव्ह (इंजिन बोटीत मागे, प्रॉपेलर फिरवणारा भाग मागच्या भिंतीबाहेर) अल्फा वन जेन टू, कूलिंग थेट खाऱ्या पाण्याचं. सावकाश चालवली तर तापमानाचा काटा जागचा हलत नाही. वेगाने पाण्यावर उचलून, म्हणजे प्लेनवर आणून 3500 आरपीएमच्या पुढे नेली की थोड्या वेळात काटा चढतो, वेग कमी केला की उतरतो. यावर तीन जणांनी तीन उपाय सांगितलेत. एक म्हणतो थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापल्यावर उघडणारी झडप) काढून फेका. दुसरा म्हणतो हीट एक्स्चेंजर लावून इंजिन गोड्या पाण्यावर करा. तिसरा म्हणतो ड्राइव्हमधून पाणी घेणंच बंद करा, बोटीच्या तळाला भोक पाडून वेगळी लाइन टाका आणि पंप इंजिनवर आणा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिला उपाय करूच नका. दुसरा चांगला आहे, पण तुमच्या दुखण्यावरचा नाही. तिसरा तुमच्या बोटीला खरंच उपयोगी पडेल, मात्र आत्ता जो काटा चढतोय त्याचं कारण त्याआधी शोधून मिटवायला हवं. मी या कामात एक नियम पाळतो: बदल करायचाच तर पाणी जिथून आत येतं त्या बाजूला करायचा. थर्मोस्टॅट हाउसिंगपासून पुढे ब्लॉक, मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करणारा भाग) आणि एल्बो (त्यापुढचा, धुरात पाणी मिसळणारा वाकडा नळ) यांच्यात पाणी कसं वाटलं जातं, तो हिशोब कंपनीने करून ठेवलेला असतो. त्यात हात घालणाऱ्याचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

अल्फामध्ये समुद्राच्या पाण्याचा पंप इंजिनवर नसतो, ड्राइव्हच्या पोटात असतो. खालच्या गिअरकेसच्या डोक्यावर, उभ्या शाफ्टवर रबरी इम्पेलर (पाती असलेलं चाक) फिरतो. गिअरकेसच्या बाजूच्या फटींतून पाणी ओढलं जातं, पंपातून नळीने वरच्या भागात चढतं, तिथून बेल हाउसिंग, मग लवचिक होज, गिंबल हाउसिंग, आणि ट्रान्सममधून, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीतून, आत. आत आल्यावर आधी पॉवर स्टिअरिंगचा कूलर, मग थर्मोस्टॅट हाउसिंग. इथे पाण्याच्या वाटा फुटतात. काही पाणी सर्क्युलेटिंग पंपाच्या (इंजिनमध्ये पाणी फिरवणाऱ्या वेगळ्या पंपाच्या) जोरावर ब्लॉकमधून फिरतं, बाकीचं मॅनिफोल्डकडे जातं. शेवटी सगळं एल्बोमध्ये धुरात मिसळतं आणि वाय-पाइपमधून, ड्राइव्हमधून, प्रॉपेलरच्या हबमधून बाहेर पडतं. म्हणजे पाणी इंजिनपर्यंत पोचायच्या आधीच कितीतरी जोड, सील आणि वळणं पार करतं, आणि त्यातलं जवळपास काहीच बोट पाण्यात असताना तुम्हाला दिसत नाही. सगळी अडचण इथेच आहे.

मर्क्रूझरच्याच ब्राव्हो ड्राइव्हचं तसं नाही. तिथे पाणी ड्राइव्हमधूनच येतं, पण पंप इंजिनवर पट्ट्याने चालतो. व्होल्व्हो पेंटाच्या ड्राइव्हमध्येही पंप इंजिनवरच असतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची बोट त्या जातीची असेल, तर त्यांनी खालचा निम्मा खटाटोप करायची गरज नाही. ट्रान्सम आणि पंप यांच्यामध्ये चांगला स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारी गाळणी, बसवला तरी बरंच काम होतं.

आता तुमचा काटा. सावकाश ठीक आणि वेगात गरम, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: इंजिन जितकी उष्णता तयार करतंय तितकं पाणी येत नाहीये, किंवा येतंय पण पुढे निघत नाहीये. उलट सावकाश चालताना गरम आणि वेगात थंड असं असतं, तर मी थर्मोस्टॅट आणि थकलेला इम्पेलर आधी पाहिला असता. मुंबई बंदराच्या तोंडाशी चालणाऱ्या अल्फाचा इम्पेलर मी फक्त पाती मोडलीत का एवढंच पाहून परत बसवत नाही. तिथल्या पाण्यात गाळ इतका असतो की पाती धड दिसतात, पण पंपाच्या आतल्या स्टीलच्या वाटीला आणि खालच्या चकतीला गोल चरे पडलेले असतात. नख फिरवून बघा. नख अडकलं तर पूर्ण पंप किट बदला, नुसता इम्पेलर नको. चरे पडलेल्या वाटीत नवा इम्पेलर कमी वेगात पाणी देतो, वेग वाढला की पाणी चऱ्यांतून मागे निसटतं. तुमच्याकडे नेमकं हेच चाललं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

इम्पेलरची पाती मोडलेली निघाली तर मोडलेला प्रत्येक तुकडा हातात येईपर्यंत काम संपलं असं समजू नका. ते तुकडे पाण्याबरोबर वर जातात आणि पहिली बारीक वाट आली की तिथे अडकतात. ती वाट म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा कूलर. होज काढून कूलरच्या तोंडात टॉर्च मारा. आत तांब्याच्या बारीक नळ्यांचं जाळं दिसेल, आणि त्यावर काळे रबराचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, प्लास्टिकची एखादी चिंधी, असं सगळं चटईसारखं चिकटलेलं असतं. आधीच्या मालकाच्या काळातला इम्पेलरही तिथे सापडतो. उलट्या दिशेने पाणी मारून ते बाहेर काढा. तारेने आत ढकलू नका.

कूलर साफ, पंप ठीक, तरी काटा चढतो? मग एल्बो उतरवा. खाऱ्या पाण्यात बिडाचे मॅनिफोल्ड आणि एल्बो पाच-सहा वर्षांत मोडीत निघतात. आतून गंजाच्या खपल्या सुटतात आणि एल्बोची पाण्याची वाट बोटभर उरते. बाहेरून रंग छान असतो. शिवाय एल्बो आणि मॅनिफोल्डमधली गॅस्केट गेली तर पाणी उलटं सिलिंडरमध्ये उतरतं, आणि सकाळी स्टार्टर मारला की इंजिन खटकन अडतं. त्यामुळे एल्बो किती वर्षांचे आहेत हे ठाऊक नसेल तर ते जुनेच धरा. एक सोपी तपासणी अशी: दुसऱ्याला बोट चालवायला द्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजूंचे मॅनिफोल्ड आणि एल्बो मोजा. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवतं, म्हणून जिथे मोजायचं तिथे काळी टेप चिकटवा. दोन्ही बाजू सारख्याच तापत असतील तर पाणी येतानाच कमी आहे. एकच बाजू तापत असेल तर त्या बाजूची वाट तुंबली आहे, आणि मग बोटीच्या तळाला दहा भोकं पाडलीत तरी उपयोग नाही.

थर्मोस्टॅटचं प्रकरण मी लांबवत नाही, पण हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक धक्क्यावर फुकट मिळतो म्हणून सांगतो. 4.3 ला साधारण 160 फॅरनहाइटचा, म्हणजे 71 सेल्सिअसचा थर्मोस्टॅट असतो. काही जुन्या खाऱ्या पाण्याच्या इंजिनांना 143 फॅरनहाइटचा असायचा. मोटारीपेक्षा हे आकडे कमी ठेवलेत कारण खारं पाणी जास्त तापलं की त्यातले क्षार ब्लॉकच्या भिंतींवर भराभर बसतात. थर्मोस्टॅट काढला की काटा खाली जातो हे खरं, म्हणून लोक खूश होतात. पण इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली तेलात उतरतं. इंजेक्शनचं इंजिन असेल तर त्याचा कॉम्प्युटर इंजिन अजून गरमच झालं नाही असं समजून जास्त पेट्रोल ओतत राहतो. आणि पाण्याच्या वाटपाचा जो हिशोब मी वर म्हटला, तो बिघडतो तो वेगळाच. थर्मोस्टॅटबद्दल शंका असेल तर पातेल्यात पाणी तापवून तो किती अंशांवर उघडतो ते पाहा, नवा आणा, आणि परत बसवा.

हीट एक्स्चेंजरकडे वळू. यात इंजिनमध्ये गोडं पाणी आणि कूलंट बंद चक्रात फिरतं, आणि समुद्राचं पाणी एक्स्चेंजरच्या नळ्यांतून जाऊन त्याची उष्णता घेऊन बाहेर पडतं. दोन प्रकार असतात: नुसत्या ब्लॉकसाठी, किंवा ब्लॉक आणि मॅनिफोल्ड दोन्हींसाठी. नवीन इंजिन खाऱ्या पाण्यात उतरवणार असाल तर मी डोळे झाकून दुसऱ्या प्रकाराला हो म्हणेन. पण तुमचं इंजिन कित्येक मोसम खारं पाणी प्यायलेलं आहे. त्याच्या वॉटर जॅकेटमध्ये गंज आणि गाळ बसलेला आहे, विशेषतः मागच्या सिलिंडरांच्या तळाशी. कूलंट भरलं की तो सैल होऊन एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसेल.

मुख्य गोष्ट तर निराळीच आहे. एक्स्चेंजरलाही समुद्राचं तितकंच पाणी लागतं. तुमच्याकडे तेच कमी पडतंय. मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावरचं पाणी 30 सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणजे थंड करायला मुळात वाव कमी. त्यात पाणी अपुरं आणि मध्ये आणखी एक नळ्यांचं जाळं. काटा उतरायच्या ऐवजी वरच जाईल. पुढे कधी इंजिन बदललंत तर हे किट तेव्हा बसवा, आणि बसवताना कूलंट भरायचं झाकण सगळ्या चक्रात सर्वांत उंच राहील हे इंजिनच्या झाकणाखाली जागा मोजून आधीच पाहा.

राहिला तळातून पाणी घेण्याचा मार्ग. पाणी जास्त मिळतं हे त्याच्या बाजूने लोक सांगतात. माझ्या लेखी त्याचं खरं मोल हाताला लागण्यात आहे. आज तुमचा इम्पेलर गेला तर बोट ट्रेलरवर घ्या, ड्राइव्हचा खालचा भाग उतरवा, आणि हे सगळं भरतीची वेळ साधून. पंप इंजिनवर आला की झाकण उघडून, व्हॉल्व्ह बंद करून, मुरिंगवरच काम होतं. स्ट्रेनरमध्ये कचरा साठला की डोळ्यांना दिसतो. ड्राइव्हच्या फटींवर बार्नेकल चढले तरी इंजिनचं पाणी अडत नाही. एक गैरसमज मात्र ठेवू नका: स्ट्रेनर शेवाळ, पिशव्या, जेलीफिश अडवतो, गाळ नाही. गाळ तसाच आत जाणार आणि नवा पंपही झिजवणार. फक्त तो बदलणं आता सोपं झालेलं असेल.

पंपासाठी जुगाड करायची गरज नाही. हेच 4.3 इंजिन कंपनीने ब्राव्हो ड्राइव्हबरोबरही विकलेलं आहे, त्यामुळे त्याचा पंप, ब्रॅकेट आणि क्रँकची पुली हे सगळं तयार मिळतं. तुमच्या इंजिनचा सिरियल नंबर घेऊनच मागवा, कारण जुन्या व्ही-बेल्टच्या आणि नंतरच्या सर्पेंटाइन बेल्टच्या इंजिनांचे ब्रॅकेट वेगळे आहेत. पंपाची बॉडी पितळेची घ्या. प्लास्टिकची स्वस्त पडते, पण आपल्या गाळात ती लवकर खाल्ली जाते.

इथे काही मेकॅनिक एक शॉर्टकट सुचवतील: पंप इंजिनवर बसवा, ड्राइव्हमधला इम्पेलर काढून टाका, पण पाणी ड्राइव्हमधूनच ओढा, तळाला भोक कशाला? ब्राव्हो असंच चालतं, हे बरोबर. पण तुमच्या अल्फामध्ये पंपाच्या वरचे सगळे जोड पाणी ढकललं जाईल या बेताने आजवर चाललेत. ढकलताना एखादं सील थोडं गळलं तर थेंबभर पाणी बाहेर जातं, कुणाला कळतही नाही. तेच जोड आता ओढण्याच्या बाजूला आले की त्याच फटीतून हवा आत येते. त्याहून वाईट म्हणजे बेल हाउसिंगमध्ये पाण्याची वाट आणि धुराची वाट शेजारी शेजारी आहेत. तिथलं सील गेलं तर पंप पाण्याबरोबर धूर ओढतो, पंप हवा धरतो आणि इंजिन तापतं. आणि तुम्ही थर्मोस्टॅट बदलत बसता. जुन्या ब्राव्होवाल्यांना हा त्रास ठाऊक आहे. सगळी सील नवी टाकणार असाल तर हे चालेल, पण तेवढा खर्च करून हाताला लागण्याचा फायदा अर्धाच मिळतो.

तर तळाचं भोक. जागा निवडण्यावर घाई करू नका. पाणी घेण्याचं तोंड किलच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) जितकं जवळ ठेवता येईल तितकं ठेवा, म्हणजे बोट प्लेनवर असताना आणि वळताना ते पाण्याखालीच राहील. त्याच्या पुढे कुठलीही पट्टी, पायरी किंवा फिश फाइंडरचा ट्रान्सड्यूसर नको, नाहीतर तिथून उठलेले बुडबुडे सरळ तोंडात येतील. तसंच ते प्रॉपेलरच्या अगदी पुढेही नको, कारण मग प्रॉपेलर हवा पकडेल. ट्रेलरचे रोलर कुठे टेकतात तेही बघा. चांगलं बसवलेलं पितळी तोंड पहिल्याच दिवशी रोलरने उखडलेलं मी पाहिलंय. प्लेन करणाऱ्या बोटीला पुढच्या बाजूला उघडणारं, पट्ट्यांचं स्कूप चालतं. वेगात पाणी आपसूक आत येतं. पण बोट टो करून न्यायची वेळ आली तर व्हॉल्व्ह बंद करायला विसरू नका, नाहीतर बंद इंजिनमध्ये पाणी चढत राहील.

आधी बारीक ड्रिलने आतून छिद्र करा आणि बाहेर जाऊन ते ठरवलेल्या जागीच निघालंय ना ते पाहा. मग होल सॉ बाहेरून चालवा, म्हणजे जेलकोटची (बाहेरच्या गुळगुळीत थराची) कड फुटत नाही. कापून निघालेली चकती फेकू नका, तिची कड नीट न्याहाळा. सगळी भरीव फायबरची असेल तर छान. मध्ये लाकूड किंवा फोमचा थर दिसला तर तिथे थांबा. भोकाच्या कडेने तो थर बोटभर मागे खरवडून काढा, ती पोकळी एपॉक्सीने भरा, सुकू द्या, आणि मग पुन्हा भोक पाडा. हे टाळलं तर पाणी त्या थरात शिरतं आणि दोन मोसमांनी तळाचं लाकूड ओल्या पुठ्ठ्यासारखं होतं. आतल्या बाजूला फायबर किंवा चांगल्या मरीन प्लायची, एपॉक्सी चढवलेली चौकट बसवा, म्हणजे व्हॉल्व्हचा भार पातळ तळावर येणार नाही. हे सगळं करताना इंजिनच्या खोलीत पेट्रोलचा वास येता कामा नये. ब्लोअर चालवा, टाकीचा होज तपासा, मग ड्रिल चालू करा.

व्हॉल्व्ह पाणबंद जातीचा, पूर्ण उघडणारा बॉल व्हॉल्व्ह हवा, आतली वाट होजच्या वाटेपेक्षा लहान नको. होज सव्वा इंच, म्हणजे 32 मिलिमीटर, असेल तर व्हॉल्व्ह दीड इंची घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला पिवळा पितळी नळ लावू नका. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि एक दिवस दांडा फिरवताना तो हातात येतो. मरीन ब्राँझ घ्या, नाहीतर काचतंतू भरलेल्या नायलॉनचा. तुमच्या बोटीला मी नायलॉनचा सुचवेन. तुमचा ड्राइव्ह अॅल्युमिनियमचा आहे, आणि त्याच्या जवळ ब्राँझचा मोठा तुकडा समुद्रात उघडा ठेवून तो वायरने ड्राइव्हला जोडला की गंजण्याची पाळी ड्राइव्हची येते. आहेत ते अॅनोड (ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) मोसमात दोनदा बघा, त्यांच्यावर रंग लावू नका, आणि ड्राइव्हला तांबं असलेला अँटीफाउलिंग रंग तर मुळीच नको. खाडीच्या मचूळ पाण्यात बोट जास्त राहत असेल तर जस्ताऐवजी अॅल्युमिनियमचे अॅनोड बरे.

ओढण्याच्या बाजूचा होज तारेचा असलाच पाहिजे. साधा रबरी होज नवा असताना ताठ वाटतो, पण तापला आणि पंपाने जोरात ओढलं की तो आतून चपटा होतो. गंमत म्हणजे हे फक्त वेगातच होतं, आणि इंजिन बंद करून बघायला गेलात की होज पुन्हा गोल झालेला असतो. तुमच्या आत्ताच्या लक्षणाशी ते हुबेहूब जुळतं, म्हणजे एक दुखणं काढून तेच दुसरं आणाल. पाण्याखालच्या प्रत्येक जोडाला 316 स्टीलचे दोन-दोन क्लॅम्प. स्ट्रेनर अशा उंचीवर बसवा की माणसं आणि पेट्रोल भरलेल्या बोटीतही त्याचं झाकण पाण्याच्या पातळीच्या वर राहील. पण उगाच फार वर नको, पंपाला हवा ओढत बसावं लागतं. झाकणाची रिंग दर वेळी सिलिकॉन ग्रीसने पुसा. ती सुकली की तिथूनच हवा येते.

यानंतर जी दोन कामं लोक विसरतात, त्यावर मी सगळ्यात जास्त भर देतो. पहिलं, ट्रान्सममधून आत येणारी जुनी वाट. होज काढून टाकला म्हणजे ती बंद झाली असं नाही. ते तोंड पाण्याच्या पातळीखालच्या ड्राइव्हशी जोडलेलं आहे, आणि तिथे व्हॉल्व्ह नसतो. त्यावर चिंधी कोंबून किंवा जुन्या होजला बोल्ट ठोकून काम भागवलं तर रात्री बोट शांतपणे भरते. त्या तोंडाला नीट मापाची टोपी, दोन क्लॅम्प, आणि आठवडाभर रोज डोळ्यांनी पाहणं. दुसरं, ड्राइव्हमधला जुना इम्पेलर. वरची वाट बंद करून तो आत ठेवला तर त्याच साचलेल्या पाण्यात घुसळत राहील, तापेल आणि फाटेल. म्हणून एक तर तो काढा, नाहीतर त्याच्या पाण्याला बोटीबाहेर जाणारी स्वतंत्र वाट द्या. दुसऱ्या पर्यायात ड्राइव्हच्या आतून पाणी फिरत राहतं आणि वरच्या गिअरना थोडा थंडावा मिळतो. सहकुटुंब अलिबागला जाऊन येणाऱ्या बोटीला मी इम्पेलर काढूनच टाकतो. ड्राइव्ह बाहेरून पाण्यात असतोच. दिवसभर भरल्या वजनाने पळणारी भाड्याची बोट असेल तर दुसरा पर्याय. दोन्हीत पहिल्या महिन्यानंतर गिअर ऑइल काढून बघा. काळपट आणि जळका वास असेल तर ड्राइव्ह तापतोय. दुधाळ असेल तर सील गेलं.

नंतरच्या काळातल्या इंजेक्शन इंजिनांवर समुद्राच्या पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर असतो. तुमच्यावर असेल तर तो नवीन पंपाच्या बाहेर जाणाऱ्या बाजूलाच यायला हवा. अलार्म वाजतो म्हणून त्याची वायर काढून ठेवलेल्या बोटी मी बघितल्यात. मग पुढे एल्बोपासून मागचे रबरी होज आणि झडपा जळून जातात तेव्हाच कळतं. टेंपरेचरच्या काट्यावर पूर्ण भरवसा नको, कारण ब्लॉकमध्ये पाणीच उरलं नाही तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. एल्बोनंतरच्या होजवर उष्णतेचा अलार्म लावणं हा या सगळ्या कामातला सगळ्यात स्वस्त विमा आहे.

धुण्याची पद्धतही बदलेल. आजवर ड्राइव्हच्या फटींवर कानटोपीसारखा रबरी जोड लावून नळाचं पाणी सोडायचात, ते आता इंजिनपर्यंत पोचणार नाही. व्हॉल्व्ह आणि स्ट्रेनर यांच्यामध्ये एक टी आणि बागेच्या पाइपचा जोड आत्ताच बसवून घ्या. धुताना आधी व्हॉल्व्ह बंद, मग नळाचं पाणी चालू, आणि त्यानंतर लगेच इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू ठेवून गप्पा मारत बसू नका. पाणी एल्बोपर्यंत चढून सिलिंडरमध्ये उतरतं. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद होतात तशी तुमचीही बोट वर येत असेल. त्या वेळी ब्लॉकचे आणि मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग काढा. प्लग काढूनही पाणी येत नाही असं दिसलं तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. छिद्रात गाळ बसलेला असतो. तार घालून हलवा, मग आधी चिखल आणि नंतर पाणी सुटतं. पावसाळ्याचे तीन महिने तो चिखल आत राहू देण्यापेक्षा हा एक तास खर्च करा.

पहिली चाचणी मुरिंगवरच, सावकाश, वीस मिनिटं. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. स्ट्रेनर पारदर्शक असेल तर आत बुडबुड्यांची रांग दिसते का ते पाहा. दिसली तर हवा कुठून येते ते शोधल्याशिवाय बाहेर जाऊ नका. मग 1500, 2500, 3500, प्रत्येक टप्प्यावर थांबून काटा, दोन्ही मॅनिफोल्ड आणि दोन्ही एल्बो यांचे आकडे वहीत लिहा. 4.3 अल्फाला पूर्ण वेग 4400 ते 4800 आरपीएम. तिथे पाच मिनिटं पुरेत. त्या वेळी एकाने ओढण्याच्या होजवर नजर ठेवायची, चपटा होतो का. काम सुरू करण्यापूर्वी, जुन्याच पंपावर, हेच आकडे एकदा घेऊन ठेवलेत तर नंतर वाद घालायची वेळ येणार नाही. बोट प्रवाशांच्या वाहतुकीला असेल तर तळाला भोक पाडण्याआधी सर्व्हेअरला कळवा. खाजगी असली तरी विमा कंपनीला लेखी कळवलेलं बरं.

अल्फामध्ये पट्टा तुटला तरी पाणी येत राहायचं. आता पट्टा तुटला की पाणी बंद. बोटीत एक पट्टा, एक इम्पेलर, त्याची गॅस्केट आणि पंपाच्या बोल्टला बसणारा पाना ठेवा, आणि तो पट्टा चढवायला किती जागा मिळते ते एकदा जेटीला बांधलेल्या बोटीत, दिवसाउजेडी करून बघा.